थोरली, मधली आणि ब्लॅक जपान

माणूस खोटं बोलतो, कागद खोटं बोलतो, पण बंदूक कधी खोटं बोलत नाही, असं आमचे आबा सांगत. सांगताना हातातली कानस बाकावर ठेवत, म्हणजे वाक्य महत्त्वाचं आहे हे ऐकणाऱ्याला कळावं. लहानपणी मी त्या वाक्यावर श्रद्धा ठेवली. पुढे दुकानात उठबस वाढली तेव्हा ध्यानात आलं, की तिथे दुरुस्तीला येणाऱ्या बंदुका सर्रास खोटं बोलत. एकीवर विलायती कारखान्याचं नाव कोरलेलं असे आणि ती कुठल्या तरी लोहाराच्या भट्टीतून निघालेली असे. एकीची नळी एका रायफलीची, तर लाकडी दस्ता दुसरीचा. एका घरंदाज बंदुकीने म्हणे तीन वाघ मारले होते. आबांनी तिच्या नळीतून उजेडाकडे बघायला मला सांगितलं, तर आत भांड्याच्या दुकानातल्या नव्या पेल्यासारखी कोरी चकाकी. तिने कावळासुद्धा मारलेला नव्हता. आबांना हे सगळं माहीत होतं, तरी ते वाक्य म्हणत. आपल्या धंद्याबद्दल प्रत्येकाने एक तरी गोष्ट न तपासता मानावी लागते.

आमचं घर टेमघरला आणि दुकान निजामपुऱ्यात, दोन्ही बाजूंनी यंत्रमागांच्या मध्ये दाबून बसलेलं. रुंदी एवढी, की लांब नळीची बंदूक आडवी धरली तर एक टोक दाराबाहेर जाई. पाटीवर फक्त ‘बंदूक दुरुस्ती’ आणि खाली परवान्याचा नंबर. आबांनी फौजेत वीस वर्षं हत्यारांच्या कारखान्यात काढली होती. पेन्शन घेऊन गावी आले तेव्हा आमच्या वस्तीतल्या लोकांना वाटलं, आता हे कुठेतरी चौकीदारी करतील. त्यांनी परवाना काढला, बाक टाकला आणि ज्या घरांच्या ओटीवर आमच्या आज्याला चढता येत नव्हतं, त्या घरांतल्या बंदुका आबांकडे येऊ लागल्या. त्यातले काही मालक बंदूक हातात देत नसत. बाकावर ठेवून दोन पावलं मागे सरत. आबांची त्याबद्दल तक्रार नव्हती. बाकावर ठेवलेली वस्तू चाचपायला सोपी जाते, असं ते म्हणत. त्यातला खरा अर्थ मला नंतर कळला.

गल्लीत माग सकाळपासून खटाखट चालत. त्या आवाजाची आम्हाला इतकी सवय होती, की तो चालू असताना आम्हाला शांत वाटे आणि बंद पडला की दचकायला होई. लाईट गेली की सगळी गल्ली रिकामी होऊन ओट्यावर येऊन बसे, कामगार विड्या पेटवत, आणि नेमके तेव्हाच आबा भराभरा कामाला लागत. कारण बंदुकीचा बोल्ट, म्हणजे गोळी आत सारणारा दांडा, मागे ओढला की तो काय बोलतो ते त्या दहा-वीस मिनिटांतच ऐकू येई. शेजारच्या कारखान्यातले हनीफचाचा दारात उभे राहून म्हणत, “उस्ताद, आपके लिए तो लाईट का जाना ईद है.” आबा म्हणत, “चाचा, तुमचा माग बंद, म्हणून माझा चालू.” मग चाचा मला म्हणत, “बिटिया, तेरा बाप बंदूक का डॉक्टर है. नब्ज देखता है, आँख नहीं.” चाचांना त्या वेळी काय माहीत होतं आणि काय नव्हतं, याचा मी अजून विचार करते.

दुकानात आलेल्या सगळ्या हत्यारांत आबांचा जीव होता तो बावीस बोअरच्या छोट्या रायफलींवर. मोठ्या बंदुकीचा धाक असतो, छोटीची नजाकत असते, असं त्यांचं मत. साहेबाच्या देशातल्या एका कारखान्याने लढाई संपल्यावर अशा रायफली तीन तऱ्हांच्या काढल्या होत्या : एकीत पाच गोळ्या, दुसरीत दहा, तिसरीत पंधरा. आबा त्यांना त्याच क्रमाने थोरली, मधली आणि धाकटी म्हणत. धाकटीच्या नळीखाली गोळ्यांची दुसरी बारीक नळी असे, त्यामुळे ती कुणीही ओळखावी. पण थोरली आणि मधली म्हणजे एकाच आव्यात भाजलेली भांडी. तेच लाकूड, तीच नळी, तोच वळणदार बोल्ट. पोटाखालची गोळ्यांची डबी, म्हणजे मॅगझिन, काढून घेतलं तर कारखान्यातल्या माणसालाही सांगता येऊ नये. तेही दोघींचं दोघींना बसे. “थोरलीनं मधलीचं लुगडं नेसलं म्हणून ती मधली होते का?” आबा विचारत.

मग फरक कुठे, तर चापाच्या कड्यात. बोट चापाला चुकून लागू नये म्हणून खाली जी लोखंडी पट्टी वळवलेली असते, ती आबांनी पाहिलेल्या प्रत्येक थोरलीत जाड होती आणि तिची कड घासून गोल केलेली नव्हती. मधलीपर्यंत येता येता कारखान्याने लोखंड वाचवलं होतं आणि कड मात्र गोल केली होती. शिवाय दस्त्याच्या पोटातल्या स्क्रूचं डोकं थोरलीत लाकडाच्या पातळीत, मधलीत किंचित आत. हे आबांनी मला पावसाळ्यातल्या एका रविवारी शिकवलं. मी नववीत होते. दोन्ही रायफली बाकावर आडव्या घातल्या आणि म्हणाले, “बाय, डोळे मीट.” मी मिटले. “आता अंगठा फिरव. घाई नको. भाकरी थापताना कड लागते ना हाताला, तशी.” मी तीनदा चुकले. चौथ्यांदा जाड कड अंगठ्याला लागली आणि मी ओरडले, “थोरली!” आबा इतके खूश झाले, की त्यांनी माझं तोंड चाचपून कुरवाळलं. तोंड कुरवाळायला चाचपावं का लागावं, हे त्या वेळी मला सुचलं नाही.

आयुष्यभर मी ग्रंथालयात काम केलं. एकाच पुस्तकाच्या दोन आवृत्त्या समोर ठेवून त्यातली पहिली कुठली, यावर विद्वानांना हमरीतुमरीवर येताना मी पाहिलं आहे. त्यांच्यातल्या एकानेही कधी डोळे मिटून पुट्ठ्यावरून अंगठा फिरवला नाही.

आबांना दिसेनासं होत होतं. हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीही बोलत नव्हतं. पहिल्यांदा त्यांनी सायकल सोडली. चेन सारखी पडते म्हणाले. चेन धडधाकट होती. मग ते मला शाळेत सोडायला चालत येऊ लागले, माझ्या खांद्यावर हात ठेवून. वस्तीतल्या बायका कौतुकाने म्हणायच्या, लेकीवर किती जीव हाय बघा. खड्डा आला की मी थांबायचे, ते थांबायचे. मी वळायचे, ते वळायचे. मग मी त्यांना दुकानाच्या दारात सोडून शाळेत जायचे. आईने तर त्याहून पुढची गोष्ट केली. आमच्याकडे रोज काही ना काही मासळीचं असे, सुकट, बोंबील, खाडीतली बोयटं. बोयटांना काटे फार. एके दिवशी तिने सगळ्यांच्याच बोयटांचे काटे काढून, मासा कुस्करून, कांद्याबरोबर परतून वाढला. माझा धाकटा भाऊ म्हणाला, “आये, हे काय बाळाचं जेवान केलंस?” आई म्हणाली, “खायचं तर खा. माज्या दातात काटा अडकतो.” त्या दिवसापासून दोन वर्षं आमच्या घरात कुणी मासा मासळीच्या आकारात पाहिला नाही.

आबा एकदा गुपचूप ठाण्याला डॉक्टरकडे जाऊन आले होते. मोतीबिंदू आहे, पण अजून पिकला नाही, पिकल्यावर या, असं तिथे सांगितलं. तेव्हाची रीतच तशी होती. मोतीबिंदू आंब्यासारखा पिकू द्यायचा आणि तोवर माणसाने भिंती धरून चालायचं. (माझ्या डोळ्यातला मागच्या वर्षी काढला. वीस मिनिटं लागली आणि नंतर बिस्किट दिलं.) तोवर दुकान कसं चालवायचं, हा प्रश्न होता. दुकानाचा परवाना दर वर्षी नवा करून घ्यावा लागे आणि त्यासाठी पोलीस चौकीचा अहवाल जाई : अमुक माणूस या धंद्याला लायक आहे. आंधळा माणूस बंदुका दुरुस्त करतो असं कुणाच्या कानावर गेलं, तर त्या अहवालात काय येईल, हे सांगायला ज्योतिषी नको होता. आणि दुकान गेलं असतं तर पेन्शनमध्ये आम्ही जगलो असतो, पण आबा काय करत बसले असते, हे मला दिसत होतं. ओट्यावर बसले असते आणि लाईट गेली की कान टवकारले असते.

म्हणून दुरुस्तीची वही मी लिहू लागले. बंदूक कुणाची, काय बिघडलं, काय बदललं, आणि बोल्टच्या खोबणीखाली कोरलेला तिचा खरा नंबर. मी नंबर वाचायचे, आबा तो एकदा मोठ्याने म्हणायचे आणि तो त्यांना कायमचा पाठ व्हायचा.

त्या साली निवडणूक आली. निवडणूक आली की परवान्याच्या सगळ्या बंदुका चौकीत जमा कराव्या लागत. मतदान संपून गुलाल धुतला गेला की परत मिळत. चौकी कुठली ते सांगत नाही. तिथे नवे फौजदार आले होते, तरुण, इस्त्रीचे, ‘शिस्त’ हा शब्द फार आवडणारे. बंदुका परत द्यायच्या आधी वरच्या साहेबांची पाहणी ठरली. गंजक्या, धूळ खाल्लेल्या हत्यारांची रांग साहेबांना दाखवायची फौजदारांना लाज वाटली. त्यांनी हुकूम सोडला आणि दोन शिपायांनी मन लावून सगळ्या बंदुकांना ब्लॅक जपान रंग फासला. लोखंडाला, लाकडाला, सगळ्याला. रंगात अडथळा नको म्हणून मालकांच्या नावाच्या चिठ्ठ्या सोडून घेतल्या, मॅगझिनं काढून एका पिशवीत भरली. पाहणी उत्तम झाली. साहेबांनी म्हणे शाबासकी दिली. दुसऱ्या दिवशी मालक आले, तेव्हा कुठली बंदूक कुणाची हे परमेश्वरालाही सांगता येईना.

हवालदार दुकानात आला तेव्हा शाळा नुकती सुटली होती. “मिस्त्री, साहेबांनी बोलावलंय. घोळ झालाय.”

“मोठा?”

“मोठा म्हणजे, चकचकीत झालाय.”

आबांनी टोपी घातली, माझ्या खांद्यावर हात ठेवला. “वही घे, बाय,” म्हणाले.

चौकीच्या अंगणात सतरंजीवर बंदुका ओळीने मांडल्या होत्या, मयताला जमलेल्या माणसांसारख्या गप्प आणि काळ्या. दुनळी, एकनळी, लांब, आखूड अशा बहुतेक मालकांनी आकारावरून ओळखून नेल्या. त्यांच्यासाठी आबांना विचारायची गरज पडली नाही. शेवटी पडवीत फौजदारांच्या टेबलापुढे राहिल्या दोन छोट्या रायफली आणि दोन माणसं. एक नानाशेठ, मानकोलीच्या पलीकडच्या गावातले, शेती, गवताच्या वखारी, पांढरं धोतर, बोटात तीन अंगठ्या. दुसरी काशीआई, टेमघरच्या मागच्या पाड्यातली, भाजीपाला लावणारी, नवरा गेल्याला वर्ष होत आलेलं. तो रानडुकरं हुसकायला हवेत बार काढायचा. परवाना तिच्या नावावर करायला ठाण्याला गेला होता, तिच्याकडे नुसती त्याची पावती होती. ती पायरीच्या खाली उकिडवी बसली होती आणि नानाशेठांना खुर्ची दिली होती.

त्या दोघींपैकी एका रायफलीचा बोल्ट लोण्यासारखा सरकत होता आणि दुसरीचा गंजाने कुरकुरत होता. नानाशेठांनी सरकणारी मांडीवर घेतली होती. “ही माझी. हाताला ओळखते मला,” ते फौजदारांना सांगत होते. “आमच्या वडिलांनी साहेबाकडून घेतलेली.”

“शेट, ती माज्या मानसाची हाय,” काशीआई खालून म्हणाली. “मी रोज खोबऱ्याच्या तेलानं पुसलीय. दुसरं काय ठेवलंन न्हाय त्यानं. एक फोटू व्हता, तो लायसनवर. तो पन ठान्याला.”

“तेल सगळेच लावतात,” नानाशेठ म्हणाले.

“तुमी लावलाव?”

नानाशेठांनी फौजदारांकडे पाहिलं, म्हणजे या बाईला कोण बोलू देतं, अशा अर्थाने.

तुम्ही म्हणाल, नंबर बघायचा आणि मोकळं व्हायचं. फौजदारांनीही तेच म्हटलं होतं. पण नानाशेठांच्या परवान्यावरचा नंबर आणि काशीआईच्या पावतीवरचा नंबर तंतोतंत एकच होता. परवाना लिहिणाऱ्या कारकुनांनी नळीवर ठसठशीत दिसणारा आकडा उतरवून घेतला होता, आणि तो आकडा रायफलीचा नव्हता, कारखान्याच्या पेटंटचा होता. त्या कारखान्यातून निघालेल्या प्रत्येक रायफलीवर तोच. सरकारच्या दृष्टीने त्या दोन रायफली नव्हत्याच, एकच होती, आणि ती एकाच वेळी दोन गावांत राहत होती.

“मिस्त्री, तुम्ही दोन्ही दुरुस्त केल्यात म्हणे,” फौजदार म्हणाले. “ओळखता?”

“बाकावर ठेवा,” आबा म्हणाले. “आणि तेवढा पंखा बंद करा साहेब.”

पंखा बंद झाला. आबा बाकाशी गेले. मी त्यांचं कोपर बाकाच्या कडेला लावून दिलं. त्यांनी पहिल्या रायफलीच्या पोटाखाली अंगठा नेला. सुकलेल्या रंगाचे पोपडे त्यांनी नखाने काढले, सावकाश, जसे जखमेवरचे काढतात. मग दुसरी घेतली. रंगाच्या थराने कड जाड वाटली तर? मला स्वतःला, डोळे उघडे ठेवून, काही सांगता आलं नसतं.

“ही थोरली,” सरकणाऱ्या रायफलीवर हात ठेवून आबा म्हणाले. “पाचवाली. काशीआईची. ही दुसरी मधली, दहावाली. शेठची.”

“थोरली, मधली?” नानाशेठ हसले. “काय रे मिस्त्री, सोयरीक जुळवतोस का? अरे, माझी दहावाली आहे हे मीच सांगतोय. हे बघ.” त्यांनी पिशवीतलं लांब मॅगझिन काढून मांडीवरच्या, म्हणजे आता बाकावरच्या, रायफलीला खटकन बसवलं. “बसलं की नाही?”

“ते दोघींना बसतं शेठ.”

“मग तू कशावरून सांगतोस?”

“अंगठ्यावरून.”

शिपाई हसले. फौजदार हसले नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावर, अंगठ्यावरून अहवाल लिहिता येत नाही, हे स्पष्ट दिसत होतं. मी वही पुढे केली. काशीआईच्या नवऱ्याच्या नावापुढे रायफलीचा खरा नंबर माझ्या अक्षरात होता. दीड वर्षापूर्वी बोल्टची स्प्रिंग बदलली तेव्हाचा. फौजदारांनी तो वाचला, मनात. वही मिटून हाताखाली ठेवली. मग खणातून भिंग काढलं आणि रायफलीसकट आबांसमोर सरकवलं. “हा नंबर रायफलीवर कुठे आहे तो दाखवा आणि वाचा. जुळला तर विषय संपला.”

“त्यालाच वाचू द्या,” नानाशेठ म्हणाले. “पोरीला नको. पोरीनेच लिहिलाय.”

खणातून भिंग काढताना खाली एक कागद दिसला होता. आबांच्या परवान्याचा अर्ज. मला त्याचा आकाशी रंग ओळखू आला, कारण तो मीच भरला होता.

आबांनी बोल्ट मागे घेतला, खोबणी शोधली, रॉकेलच्या बोळ्याने रंग पुसला. सगळं बरोबर केलं. भिंग डोळ्याशी नेलं. आणि मला एकदम हायसं वाटलं, कारण माझ्या लक्षात आलं की यात काहीच अवघड नाही. तो नंबर आबांना पाठ होता. दुकानातल्या प्रत्येक रायफलीचा होता. त्यांनी फक्त भिंगात बघितल्यासारखं करायचं आणि पाच आकडे म्हणायचे. फौजदारांनी वही बघून मान डोलवायची, काशीआईने रायफल घ्यायची, आम्ही घरी जायचं. मी मनातल्या मनात त्यांना पहिला आकडा सांगतही होते.

आबांनी भिंग खाली ठेवलं.

“साहेब, नंबर मला पाठ आहे,” ते म्हणाले. “पण मला तो दिसत नाही. दोन वर्षं झाली, बारीक काही दिसत नाही. आता मी म्हणून दाखवला तर तो माझ्या डोक्यातला नंबर झाला, हिच्या अंगावरचा नाही. मुलीला वाचू द्या. तिच्यावर विश्वास नसेल तर तुम्ही वाचा.”

पंखा बंद होता. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मला रडू आलं नाही. मला आबांचा भयंकर राग आला. दोन वर्षं मी खड्डे चुकवत होते, आईने दोन वर्षं बोयटं कुस्करली होती, आणि या माणसाने ते सगळं एका वाक्यात टेबलावर ठेवलं. आणि तेही फौजदारांपुढे, त्या आकाशी कागदाच्या वर.

“म्हणजे आंधळ्याच्या हातात आमची हत्यारं देत होतो आम्ही?” नानाशेठ म्हणाले.

“तुमाला डोले हायेत ना शेट?” काशीआई पायरीखालून उठली. “मंग सोताची का नाय वलखलाव?”

हवालदाराने तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

फौजदारांनी भिंग उचललं आणि स्वतः खोबणीवर वाकले. शेवटच्या आकड्यात रंग भरून राहिला होता. त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला. मी परकराच्या नाडीला लावलेली सेफ्टी पिन काढून दिली. त्यांनी तो आकडा स्वतः कोरून मोकळा केला. इस्त्रीच्या बाहीला काळा डाग पडला. मग वही उघडली, एकदा वहीत, एकदा लोखंडावर, असं दोनदा पाहिलं, आणि ती रायफल उचलून पायरीपर्यंत गेले आणि काशीआईच्या हातात दिली. तिने ती पदराने पुसायला घेतली. पदर काळा झाला. ती पुसतच राहिली.

नानाशेठांनी दुसरी रायफल उचलली. जाता जाता आबांपाशी थांबले. मला वाटलं, आता काहीतरी लागट बोलणार. ते म्हणाले, “बोल्ट कुरकुरतोय हिचा.”

“पाठवून द्या,” आबा म्हणाले. “गंज काढून देतो.”

वाटेत आबांचा हात खांद्यावर होता, पण मी खड्ड्याशी मुद्दाम थांबले नाही. ते अडखळले. पुन्हा सावरले. दुसऱ्या खड्ड्याशी मी थांबले. “राग आला?” त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. “येऊ दे,” ते म्हणाले. “पण पुढचा खड्डा मोठा आहे, तो सांग.” तो खड्डा मोठा आहे हे त्यांना पाठ होतं, हे मला माहीत होतं. तरी मी सांगितला.

घरी आईने सगळं ऐकून घेतलं. चुलीवर भात होता. तिने आबांना हाताला धरून पाटावर बसवलं, माझ्यादेखत, भावादेखत, उघडपणे. एवढी वर्षं ती असं कधी करत नव्हती. “एकदाचं बोललात,” ती म्हणाली. “माजा जीव हलका झाला.” आणि मग, जरा वेळाने, “आता दुकान गेलं तर काय करनार?” आबा म्हणाले, “तुझ्या हातात हात देऊन बसेन.” आईने “चला, काहीतरीच” असं म्हटलं आणि उगीचच भाताचं झाकण उघडून पाहिलं.

पुढचे पंधरा-वीस दिवस मी रोज पोस्टमनची वाट पाहिली. रोज मला स्वप्नात आकाशी कागद दिसे आणि त्यावर लाल शाईने ‘नालायक’ लिहिलेलं असे. आबा नेहमीसारखे दुकानात जात होते. फरक इतकाच, की आता हनीफचाचा उघडपणे दारात येऊन बसत आणि “उस्ताद, ये पेंच बाएँ वाला है” असं सांगत. आबा म्हणत, “मालूम है.” चाचा म्हणत, “मुझे भी मालूम है कि तुम्हें मालूम है. बैठने का बहाना तो चाहिए.”

मग एके दिवशी परवाना आला. नवा झालेला, एका वर्षासाठी, शिक्क्यासकट. अहवालात ‘लायक’ असा शेरा होता, फौजदारांच्या सहीचा. मी तो चार वेळा वाचून दाखवला. आबांनी शिक्क्यावरून अंगठा फिरवला आणि हसले. मला त्या दिवशी जगाविषयी फार चांगलं वाटलं. शाळेत सरांनी निबंध दिला होता, मी ‘खऱ्याचं बळ’ या विषयावर सहा पानं लिहिली. त्यात एका तरुण अधिकाऱ्याचं हृदय एका वृद्ध कारागिराच्या सच्चेपणाने कसं पाझरलं, हे होतं. सरांनी तो वर्गात मोठ्याने वाचला. मागच्या बाकावरची एक मुलगी रडली. तो निबंध घेऊन मी चौकीत गेले. वाटलं, फौजदारांना द्यावा. ते नव्हते. हवालदार होता. त्याने पहिलं पान वाचलं, चष्मा वर केला आणि मला सांगितलं, की साहेबांनी तो अर्ज तीन वेळा पुढून-मागून पाहिला होता. नाव, बापाचं नाव, वय, पत्ता, गुन्हा दाखल आहे काय, दुकानाला कुलूप आहे काय. नजरेसाठी त्यात रकानाच नव्हता.